निळ्या झाकणाची बरणी : आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापन आणि परीक्षा

काही वर्षांपूर्वी एका आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. लांबलचक टेबलावर पांढरी चादर अंथरून काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. विद्यार्थी एकेका बरणीपुढे अर्धा-पाऊण मिनिट थांबत, उत्तरपत्रिकेवर नाव, कुल, रस, वीर्य, विपाक लिहीत आणि पुढे सरकत. एक विद्यार्थिनी मात्र फारच वेगाने चालली होती. सातव्या बरणीशी तर तिने नजर नीट वळवलीही नाही आणि 'अशोक' असे लिहून टाकले. उत्तर बरोबर होते. मी सहज विचारले, "कशावरून ओळखलेत?" ती गोंधळली, पण खोटे बोलली नाही. म्हणाली, "सर, निळ्या झाकणाची बरणी अशोकाची असते. सीनियर मुलींनी सांगितलंय."

त्या दिवशी सकाळी परीक्षेला येण्यापूर्वी मी गावातील काष्ठौषधींच्या दोन दुकानांतून 'अशोक साल' मागून दोन पुड्या घेतल्या होत्या. त्या उघडून तिच्यापुढे ठेवल्या. एका पुडीतील साल खरोखरच अशोकाची होती : बाहेरून करडी-हिरवट, लहान गोलसर ठिपक्यांसारखी वल्करंध्रे असलेली, आतून तांबूस तपकिरी, मोडली असता तंतुमय चिरफळ्या होणारी आणि जिभेवर स्पष्ट तुरट. दुसऱ्या पुडीत बागेच्या कुंपणाशी सरळसोट उंच वाढणाऱ्या, लोक ज्याला सर्रास 'अशोक' म्हणतात त्या पॉलिअल्थियाची साल होती. तिला दोन्ही ओळखता आल्या नाहीत. तिच्यानंतर आलेल्या पाच-सहा जणांनाही आल्या नाहीत. परंतु पुड्या परीक्षेच्या यादीत नव्हत्या, बरणी होती. म्हणून नियमानुसार तिला पूर्ण गुण द्यावे लागले आणि ते मी दिले.

हा प्रसंग विद्यार्थिनीच्या आळसाचा म्हणून सांगत नाही. तिने परीक्षेचा अचूक अभ्यास केला होता. दोष असलाच तर तो परीक्षेत आहे, आणि त्या परीक्षेचा एक भाग या नात्याने माझ्यातही आहे. आपल्या त्रैमासिकाचे बहुसंख्य वाचक अध्यापक नाहीत, चिकित्सक आणि औषधनिर्माते आहेत. त्यांना हा विषय महाविद्यालयाच्या चार भिंतींतील वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याची किंमत तेच मोजत असतात. औषधनिर्मितीच्या परवान्यासाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे पूर्णवेळ तांत्रिक अधिकारी लागतो आणि तो बहुधा आपल्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर असतो. जून २००० मध्ये 'शेड्यूल टी' अन्वये उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम लागू झाल्यापासून कच्च्या मालाच्या नोंदवहीवर त्याचीच सही होते. ट्रकमधून उतरलेल्या पोत्यांवर निळे झाकण नसते. त्या पोत्यातून अशोकारिष्ट होते, ते असृग्दराच्या रुग्णेला तीन-तीन महिने दिले जाते, आणि उपशय न मिळाल्यास ती वैद्याला दोष देते, वैद्य कंपनीला देतो, आणि शेजारीपाजारी आयुर्वेदालाच देतात.

जे विचारले जाते तेच शिकले जाते

अध्यापनशास्त्रावर कितीही व्याख्याने झाली तरी एक साधी गोष्ट शिल्लक राहते. विद्यार्थी आपल्या व्याख्यानाकडे पाहून अभ्यास करीत नाही, तो मागील प्रश्नपत्रिकांकडे पाहून करतो. दहा वर्षांचे प्रश्नसंच बाजारात मिळतात. त्यांत 'सविस्तर वर्णन करा', 'टीपा लिहा', 'भेद स्पष्ट करा' याखेरीज क्रियापद क्वचितच आढळते. वर्णन करता येणे ही एकच शक्ती जर साडेचार वर्षे तपासली गेली तर बाकीच्या शक्ती वापरावाचून वाळतात.

परीक्षेचे बाह्य स्वरूप मध्यंतरी बरेच बदलले. १९७० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेची जागा २०२० च्या कायद्याने भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली. हा आयोग जून २०२१ मध्ये अस्तित्वात आला, आणि त्याच्या २०२२ च्या नियमांनी पदवी अभ्यासक्रम प्रत्येकी १८ महिन्यांच्या तीन व्यावसायिक सत्रांत विभागला. लेखी परीक्षेत २० टक्के गुण बहुपर्यायी प्रश्नांना, ४० टक्के लघुत्तरी आणि ४० टक्के दीर्घोत्तरी प्रश्नांना आले. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के मिळवावे लागतात. 'सक्षमताधारित शिक्षण' हा शब्दही रूढ झाला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु आराखडा वरून येतो, प्रश्न मात्र आपल्यासारखे अध्यापकच काढतात. 'हरीतकीचे प्रकार किती?' या प्रश्नाखाली ५, ६, ७, ८ असे चार पर्याय दिले म्हणून तो प्रश्न अर्वाचीन होत नाही. जुनेच पाठांतर, फक्त उत्तर लिहिण्याचे कष्ट वाचले. त्याऐवजी चार रुग्णांचे दोन-दोन ओळींत वर्णन द्यावे, त्यांतील एक पाचव्या महिन्याची गर्भिणी असावी, आणि यांपैकी कोणाला हरीतकी देणार नाही असे विचारावे. गुण तेवढाच, तपासण्याचा वेळ तेवढाच. काढणाऱ्याला मात्र अर्धा तास अधिक बसावे लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे.

दीर्घोत्तरी प्रश्नाचे एक उदाहरण देतो. 'आमवाताचे निदान, संप्राप्ती, लक्षणे व चिकित्सा लिहा' हा प्रश्न आपण सर्वांनी सोडविला आहे. त्याच विषयावर असे विचारता येईल :

"४२ वर्षांची गृहिणी. तीन महिन्यांपासून हाताची बोटे, मनगटे व गुडघे यांना शूल आणि शोथ. सकाळी हात जखडलेले असतात. अन्नावर वासना नाही, जिव्हा लिप्त, मलप्रवृत्ती साम. शेजारणीच्या सल्ल्यावरून रोज गरम तेल चोळून शेकते. त्याने वेदना वाढल्या आहेत. (अ) वेदना का वाढल्या? (आ) पहिल्या आठवड्यात काय द्याल आणि काय थांबवाल? (इ) स्नेहाचा विचार कोणती लक्षणे दिसल्यावर कराल? एरंडस्नेहाला यात निराळे स्थान का आहे?"

ज्याने केवळ श्लोक पाठ केला आहे तो येथे अडखळतो. ज्याने श्लोक पाठ करून त्याचा अर्थ लावला आहे तो सुटतो. लंघन, दीपन-पाचन आणि वालुकापोट्टलीचा रूक्ष स्वेद हा क्रम त्याला सांगावाच लागेल. शिवाय सामावस्थेत केलेला अभ्यंग का बाधतो हेही सांगावे लागेल. पाठांतराला माझा विरोध नाही, हे येथेच स्पष्ट करतो. आमच्या पिढीला ओट्यावर बसवून माधवनिदान पाठ करून घेतले गेले आणि आजही रुग्णासमोर नेमके तेच कामी येते. आक्षेप पाठांतरावर थांबण्याला आहे.

सुश्रुताची योग्या

आश्चर्य असे, की या बाबतीत आपल्याला बाहेरून काही आणण्याची फारशी गरज नव्हती. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाने सर्वांना परिचित आहे. अभ्यासक्रमात तो येतो, त्यावर टीप विचारली जाते, विद्यार्थी ती लिहितो, आणि संपूर्ण अध्याय न करताच उत्तीर्ण होतो!

तो अध्याय पुन्हा एकदा अध्यापकाच्या नजरेने वाचावा. छेद्य कर्माचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर. भेद्याचा पाणी वा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर आणि पशूंच्या बस्तीवर. लेख्याचा केसाळ चामड्यावर. वेध्याचा मृत पशूच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर. एष्याचा किडीने पोखरलेले लाकूड, वेळू आणि वाळलेल्या भोपळ्याच्या तोंडावर. आहार्याचा फणस, तोंडली, बेल यांच्या गराच्या आतून बिया काढून आणि मृत पशूंच्या दातांवर. सीव्याचा जाड-बारीक वस्त्रांच्या कडांवर व मऊ चामड्यावर. बंधनासाठी कापडी-मातीचा मनुष्याकार पुतळा. बस्तिनेत्र प्रविष्ट करण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घटाच्या बाजूच्या छिद्रात. यातील एकेका वस्तूची निवड पाहिली म्हणजे लक्षात येते, की ज्या हाताला जी जाणीव व्हावयास हवी, तिच्याशी मिळतीजुळती वस्तू शोधलेली आहे. पोखरलेल्या लाकडातील वाकडीतिकडी वाट आणि नाडीव्रणातील वाट यांतील साम्य ज्याला सुचले तो नुसता शल्यविद् नव्हता, जातिवंत शिक्षक होता. आणि आरंभीच त्याने अट घातली आहे : ज्याने सर्व शास्त्र आत्मसात केले त्या शिष्याकडूनसुद्धा योग्या करून घ्यावी.

आपल्या शल्यतंत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत काय होते? शस्त्रे मांडतात आणि 'ओळखा' म्हणतात. संदंश यंत्र उजव्या हातात कसे धरावे हे विचारणारा परीक्षक मी आजवर दोनच वेळा पाहिला. चरकाने खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषजाचे जे चार गुण दिले त्यांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानाइतकेच स्थान वारंवार कर्म पाहिलेले असण्याला, दक्षतेला आणि शौचाला आहे. यांपैकी पहिल्यासाठी आपल्याकडे उत्तरपत्रिका आहे. उरलेल्या तिघांसाठी काय आहे?

डंडीची पद्धत आपल्या कोठीत

अर्वाचीन वैद्यकालाही हाच प्रश्न पडला होता. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. ती आज 'ऑस्की' या संक्षिप्त नावाने जगभर चालते. कल्पना साधी आहे. एका दालनात काही स्थानके मांडायची. प्रत्येक स्थानकावर एकच नेमके काम. प्रत्येक विद्यार्थी ठराविक मिनिटे तेथे थांबून ते काम करून दाखवतो. परीक्षक शांतपणे आधीच तयार केलेल्या यादीवर खुणा करतो. घंटा वाजली की पुढचे स्थानक. सर्वांना तेच काम, तोच वेळ, तीच यादी. परीक्षकाची मर्जी, विद्यार्थ्याचे नशीब आणि आडनाव यांना यात फारसा वाव राहत नाही.

आपल्या विषयांना ही पद्धत विलक्षण शोभते, कारण आपल्या ग्रंथकारांनी परीक्षेच्या याद्या लिहूनच ठेवल्या आहेत. भैषज्यकल्पनेचे एक स्थानक घ्या. तीन वाट्यांत मृदू, मध्यम व खर पाकाचे एकच तेल कल्कासह ठेवावे. विद्यार्थ्याने कल्क दोन बोटांत वळून पाहावा, वर्ती होते का ते दाखवावे, थोडा कल्क अग्नीवर टाकून तडतड ऐकू येते का ते पाहावे, आणि कोणता पाक नस्याला व कोणता अभ्यंगाला ते सांगावे. शार्ङ्गधराप्रमाणे मृदू नस्यासाठी, मध्यम सर्व कर्मांसाठी, खर अभ्यंगासाठी. सुश्रुताचे मत निराळे आहे. म्हणून 'कोणाच्या मते?' हा एक गुण वेगळा ठेवावा. तूप आणि तेल यांच्या सिद्धीतील फेसाचा फरक, म्हणजे तेलात फेस उसळणे आणि तुपात तो शमणे, हे कढईसमोर उभे राहूनच विचारण्यासारखे आहे. अवलेहाचे स्थानक त्याहून सोपे : पळीतून तार धरते का, पाण्यात टाकलेला थेंब न पसरता तळाशी बसतो का. भस्माचे : बोटांच्या रेषांत भरते का, स्थिर पाण्यावर तरंगते का, अभ्रकभस्म असेल तर उन्हात धरल्यावर चकाकी दिसते का. आसवारिष्टाचे : संधानपात्राच्या तोंडाशी जळती काडी नेली असता विझते की जळत राहते, आणि त्यावरून संधान चालू आहे की संपले. यांतील एकाही परीक्षेला महागडे उपकरण लागत नाही.

पंचकर्माचे एक स्थानक मी स्वतः अनेकदा लावले आहे. निरूह बस्तीची द्रव्ये पाच निरनिराळ्या भांड्यांत क्रम विस्कटून ठेवायची आणि विद्यार्थ्याला बस्तिद्रव्य सिद्ध करायला सांगायचे. मध, सैंधव, स्नेह, कल्क, क्वाथ हा क्रम लेखी परीक्षेत बहुतेक सर्वांना येतो. खलात मात्र निम्मे विद्यार्थी प्रथम क्वाथ ओततात, कारण क्वाथाचे भांडे सर्वांत मोठे असते! मग तेल वर तरंगू लागते, घोटून घोटून हात दुखतो आणि मिश्रण एकजीव होत नाही. ज्याच्या हातून एकदा असे झाले तो तो क्रम जन्मभर विसरत नाही. यानंतर त्याला गुण किती मिळाले हे मला गौण वाटते.

संवादाचेही स्थानक असावे. महाविद्यालयातील एखादा चतुर शिपाई किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी रुग्ण होतो. त्याला वत्सनाभयुक्त कल्प लिहून दिलेला आहे. विद्यार्थ्याने त्याला मात्रा, वेळ, अनुपान समजावून सांगायचे. 'एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या तर लवकर बरं वाटेल का?' असे रुग्णाने मुद्दाम विचारायचे. शेड्यूल ई(१) मधील विषारी द्रव्ये ज्यात आहेत त्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना का छापलेली असते, हे या प्रश्नाला उत्तर देताना विद्यार्थ्याच्या स्वरातून कळते. बाजारातल्या भाषेत, रुग्णाला समजेल असे मराठी बोलता येणे हीदेखील परीक्षेची वस्तू आहे. 'अनुपान' हा शब्द रुग्णापुढे वापरणाऱ्याचा अर्धा गुण मी कापतो.

या पद्धतीच्या मर्यादा आहेत. रुग्ण म्हणजे बारा स्थानकांची बेरीज नव्हे. प्रकृती, सार, सत्त्व, सात्म्य, देश, काल यांचा एकत्र विचार करून निर्णय घेणे पाच मिनिटांच्या घंटेत बसत नाही. म्हणून दीर्घ रुग्णपरीक्षा राहिलीच पाहिजे. फक्त परीक्षकाने ती शेवटी कागद वाचून न तपासता काही काळ तरी रुग्णशय्येजवळ उभे राहून पाहावी. नाडीपरीक्षेबद्दलही थोडे धाडसाने लिहितो. नाडीचे स्थानक लावण्यापूर्वी अध्यापकांनी स्वतःचीच एक परीक्षा घ्यावी. तिघांनी तेच दहा रुग्ण स्वतंत्रपणे पाहावेत, आपापले मत बंद पाकिटात लिहावे आणि मग पाकिटे एकत्र उघडावीत. तिघांचे जेथे जुळते तेवढ्यापुरते विद्यार्थ्याला गुण देण्याचा आपल्याला अधिकार आहे. जुळत नाही तेथे एकत्र बसून शिकण्याची गरज आहे, आणि ते शिकणे विद्यार्थ्यांसमोर झाले तर त्याहून उत्तम. असे केलेल्या एका विभागात पहिल्या दिवशी वातावरण जरा तंग झाले होते, हेही नमूद करतो.

भित्र्याला भीती घालावी?

मौखिक परीक्षेविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाने ज्ञानवृद्धीचे तीन उपाय सांगितले : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. संभाषेचे पुन्हा दोन प्रकार : स्नेहाने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्याच्या इच्छेने केलेली विगृह्य संभाषा. विगृह्य संभाषेत प्रतिपक्षाला कसे नमवावे याच्या ज्या युक्त्या तेथे आहेत त्या मोठ्या मार्मिक आहेत. ज्याचे वाचन कमी त्याच्यावर लांबलचक सूत्रपाठाचा मारा करावा, ज्याला अर्थज्ञान नाही त्याच्यापुढे क्लिष्ट शब्दांची वाक्ये टाकावीत, ज्याची वाक्शक्ती दुर्बल त्याचे वाक्य अर्ध्यातच तोडावे, रागीट असेल त्याला दमवावे, भित्रा असेल त्याला भीती घालावी.

या युक्त्या प्रतिवाद्यासाठी, सभेसाठी सांगितल्या आहेत. आपल्या मौखिक परीक्षेत त्या वीस वर्षांच्या मुलावर वापरल्या जातात. पहिल्या विद्यार्थ्याला 'त्रिदोष म्हणजे काय' आणि जेवणापूर्वीच्या शेवटच्या विद्यार्थ्याला एखाद्या टीकाकाराचा मतभेद! यावर उपाय सोपा आहे. विषयाच्या प्रत्येक भागातून सोपा, मध्यम व कठीण असे प्रश्न कार्डांवर आधी लिहून ठेवावेत, अपेक्षित उत्तराचे मुद्दे मागे लिहावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक भागातून एक कार्ड काढू द्यावे. परीक्षकाचे पांडित्य दाखविण्याची संधी त्याने जाते, हे खरे. त्यासाठी परीक्षेनंतर चहाच्या वेळी संधाय संभाषा भरवावी. परगावचा विद्वान आलेलाच असतो.

पाक अग्नीवर असतानाच पाहावा

वर्षाखेरीची परीक्षा आणि वर्षभर चालणारे मूल्यमापन यांतील फरक औषधनिर्मात्यांना निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कुशल कारागीर तेल कढईत असतानाच दर काही वेळाने कल्काची वर्ती करून पाहतो आणि आच कमी-अधिक करतो. कढई उतरवल्यानंतर पाक खर झाल्याचे कळले तर त्या ज्ञानाचा उपयोग खेद करण्यापुरताच. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत अंतर्गत परीक्षा होतात, गुण नोंदवले जातात, पण उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती क्वचितच परत जातात. मग 'तुझी संप्राप्ती बरोबर होती, पण चिकित्सासूत्र तू वेगळ्याच अवस्थेचे लिहिलेस' हे एक वाक्य त्याला कोणी सांगावे? शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला असे सांगणे शक्य नाही, ही तक्रार खरी आहे. तथापि विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या उत्तरपत्रिका आदर्श उत्तर समोर ठेवून तपासाव्यात आणि अध्यापकाने त्यांतील दहाच पुन्हा पाहाव्यात, एवढे तरी करता येते. दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःची सापडते, हा त्यातील मुख्य लाभ.

कागदोपत्री असणारे अध्यापक आणि कागदोपत्री असणारे रुग्ण ज्या महाविद्यालयांत आहेत त्यांच्यासाठी मात्र वरील कोणताही उपाय नाही. तेथे प्रश्न अध्यापनपद्धतीचा नाहीच.

व्यावसायिकांनी काय करावे

आंतरवासितेच्या वर्षात आणि त्यानंतरची दोन-चार वर्षे नवपदवीधर आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत येतात. तो काय करतो? बहुधा केसपेपर लिहितो, पुड्या बांधतो आणि कोपऱ्यात बसून ऐकतो. वर्षाच्या शेवटी नोंदवहीवर एकाच बैठकीत, एकाच शाईने बारा महिन्यांच्या सह्या होतात. गुरुसान्निध्याचे महत्त्व शासनानेही ओळखले आहे. १९८८ मध्ये नवी दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने नामांकित वैद्यांकडे पदवीधरांना शिष्य म्हणून पाठविण्याची योजना अनेक वर्षे चालविली आहे. परंतु त्यासाठी प्रत्येकाने मान्यताप्राप्त गुरू होण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून एकदा एका नव्या रुग्णाची परीक्षा संपूर्णपणे त्या तरुणाला करू द्यावी. आपण शेजारी बसावे आणि पंधरा मिनिटे तोंड उघडू नये. (हा भाग अत्यंत कठीण आहे, अनुभवाने सांगतो.) रुग्ण गेल्यावर त्याला तीन गोष्टी सांगाव्यात : काय चांगले केले, काय राहिले, पुढच्या वेळी कशाकडे लक्ष द्यावे. या तीन ओळी तारखेसह त्याच्या वहीत लिहून खाली सही करावी. वर्षभरात अशी पन्नास पाने झाली, तर तो तरुण काय करू शकतो हे त्याच्या गुणपत्रिकेपेक्षा त्या वहीवरून अधिक कळेल.

औषधनिर्मात्यांकडे माझी मागणी याहून लहान आहे. प्रत्येक कारखान्यात दर महिन्याला काही माल नाकारला जातो. नागकेशर म्हणून आलेल्या सुरंगीच्या कळ्या, पुनर्नवा म्हणून आलेली दुसरीच वनस्पती, मिऱ्यात मिसळलेल्या पपईच्या बिया, वावडिंगाच्या नावाने आलेली तत्सम फळे, एकाच 'ब्राह्मी' नावाखाली आलेली दोन निरनिराळी झुडपे. हा माल व्यापाऱ्याकडे परत जातो किंवा फेकला जातो. द्रव्यगुणाच्या अध्यापकाला मात्र तो कोठेच विकत मिळत नाही, कारण खोटे द्रव्य 'खोटे' म्हणून कोणी विकत नाही. त्याच्या संग्रहात असतात त्या शुद्ध, सुबक आणि वर्षानुवर्षे तेच झाकण असलेल्या बरण्या.

तेव्हा नाकारलेल्या प्रत्येक मालातील अर्धा किलो जवळच्या महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाकडे पाठवावा. बरणी नको, साधी कागदी पिशवी चालेल. पिशवीवर व्यापाऱ्याचे नाव घालू नये. केवळ माल आल्याची तारीख आणि तो ज्या नावाने आला ते नाव लिहावे. तो का नाकारला ते आपल्या तांत्रिक अधिकाऱ्याने निराळ्या चिठ्ठीवर लिहून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून पाठवावे. ते पाकीट विद्यार्थ्यांचे उत्तर लिहून झाल्यावरच उघडायचे.